ग्यारेजात सॉफ्टवेअर टाकलं, आठ महिने झाले. कोणाचं नीट चाललं का?

चौदापंधरा (दारव्हा तालुका) | ८ फेब्रुवारी, रात्री १०:१२

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतो आहे. लांबणार आहे, आधीच सांगतो.

आमचं टू-व्हीलरचं ग्यारेज. बाबांनी टाकलेलं, ३१ वर्षं झाली. बाजाराचं गाव असल्यामुळे आजूबाजूची पंधरा-वीस खेडी अन् तांडे आमच्याकडेच येतात. रोजच्या दहा-बारा गाड्या, बाजाराच्या दिवशी वीस. माणसं चार: बाबा, मी, दोन पोट्टे.

गेल्या मे महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. २२ दिवस दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी मी ग्यारेज उघडलं तर बाकावर तीन इंजिनं उघडी. तिन्ही शंभर सीसीची, नट-बोल्ट तेलाच्या तीन कापलेल्या डब्यांत, अन् कोणता डबा कोणत्या इंजिनाचा हे फक्त बाबांना माहीत. बाबांची वाचा तेव्हा गेलेली. क्लच कव्हरचे बोल्ट दिसायला सारखे, लांबी मात्र वेगवेगळी. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की केसिंग गेलंच. एक गेलं. माझ्याच हातून.

उधारीचं त्याहून वाईट. वही होती, पण वहीत काय? "लाल पॅशन ४५०." "मास्तरचे जावई, क्लच." "आमराईवाले, जुनी बाकी + १२०." जुनी म्हणजे किती, ते बाबांच्या डोक्यात. लोक येऊन सांगत होते, "बाबाजवळ बोलणं झालं हाये." झालंही असेल. मी काय म्हणणार?

म्हणून जूनमध्ये सॉफ्टवेअर घेतलं. नाव घेत नाही. वर्षाचे साडेसात हजार. जॉबकार्ड (कोणत्या गाडीचं काय काम, त्याची नोंद), स्टॉक, बिल, उधारी, गिऱ्हाइकाला आपोआप मॅसेज, सगळं आहे. डेमोत लय भारी वाटलं. पण तो डेमो एसीत बसून पाहिला होता अन् हात धुतलेले होते.

सकाळी साडेनऊ ते बारा गर्दी. कोपरापर्यंत ग्रीस. जॉबकार्ड उघडायचं तर आधी पेट्रोलचा बोळा, मग साबण, मग मोबाईल. तेवढ्यात बाहेर दोघं हॉर्न वाजवतात. मग ठरवलं, नोंदी रात्री करू. रात्री बारापैकी आठ गाड्या आठवायच्या. तिसऱ्या आठवड्यात स्टॉकमध्ये क्लच प्लेटचे १४ सेट, फळीवर ९. चोरी नाही. दोन सेट पोट्ट्यांनी घाईत लावले, एक चुकीचा निघाला म्हणून दुकानदाराला परत गेला, दोन समोरच्या ग्यारेजवाल्यानं "उद्या देतो" म्हणून नेले. सॉफ्टवेअरमध्ये "उद्या देतो"ला कप्पाच नाही.

नावांचा घोळ वेगळा. एकानं लिहिलं चेन सेट, दुसऱ्यानं चेन किट, तिसऱ्यानं चेन स्पॉकेट, मी चेनस्प्रॉकेट. वस्तू एक, खाती चार, आकडे चारही चूक. गिऱ्हाइकांचंही तेच. एका तांड्यात अकरा राठोड, त्यात तिघांचं नावही एकच. मोबाईल नंबरावर शोधावं तर नंबर दर सहा महिन्यांनी बदललेला.

अन् लाईन. दुपारी लाईन गेली की राऊटर बंद, मोबाईलला एक काडी नेट, स्क्रीनवर चाक फिरत बसते. एक म्हातारा म्हणाला, "काय रे, याले बी किक मारा लागते का?"

जूनमध्ये पुन्हा पैसे भरायचे आहेत. ठेवू की सोडू? कोणाचं नीट चाललं असेल तर कसं, ते सांगा. पोळ्याच्या दिवशीचा एक किस्सा आहे, तो नंतर कधी. आज हिंमत नाही.

हवापंप | ८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नोंदी करायला एक पोट्टं ठेव. मग त्याचा पगार काढायला दुसरं सॉफ्टवेअर घे.

काळा_धूर (परतवाडा) | ८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

माझं चारचाकीचं ग्यारेज आहे आणि माझं चाललंय. पण का चाललंय ते ऐक, मग ठरव.

दिवसाला तीन-चार गाड्या. एक गाडी किमान अर्धा दिवस थांबते. गाडी आत आली की पोरगा चारी बाजूंनी फोटो काढतो, मीटरचा अन् पेट्रोलच्या काट्याचा वेगळा. संध्याकाळी "हा ओरखडा तुमच्याकडे पडला" म्हणणारा आता कोणी नाही. विम्याच्या कामात तर अंदाजपत्रक, फोटो, जुन्या पार्टची नोंद मागतातच, ते सगळं एका जागी मिळतं. एवढ्या दोन गोष्टींत माझे पैसे वसूल होतात.

तुझ्याकडे बारा गाड्या, त्यातल्या सहा केबल-बल्ब-पंक्चरच्या. साठ रुपयांच्या कामाला तू जॉबकार्ड उघडतोस, इथेच चुकतंय. एक रेघ मार. ३०० च्या खालचं काम साध्या वहीत एका ओळीत, वरचं सॉफ्टवेअरमध्ये. मी ती रेघ १,००० वर मारली आहे.

आणि गिऱ्हाइकाला नावानं शोधूच नकोस. गाडी नंबरानं शोध. राठोड अकरा असतील, एमएच २९ चा तो नंबर एकच.

चौदापंधरा | ८ फेब्रुवारी, रात्री ११:२०

@काळा_धूर भाऊ, नंबराचं पटलं. पण आमच्याकडे गाडी तीन हातांनी फिरलेली असते, टीटी (गाडी आपल्या नावावर करून घेणं) कोणी करत नाही. नंबर मोहा गावच्या माणसाचा, गाडी दिग्रसच्या भाच्याकडे, उधारी मामाच्या नावावर.

काळा_धूर | ८ फेब्रुवारी, रात्री ११:२६

मग तर नंबरच बरा. गाडीचा इतिहास गाडीजवळ, उधारी माणसाजवळ. दोन्ही एकाच खात्यात कोंबलं की भांडण. नंबर प्लेट नसलेल्या नव्या गाडीला चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकतो मी.

पाकीटवाली (कारंजा लाड) | ९ फेब्रुवारी, दुपारी २:१५

दादा, तुमचा धागा यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, "आपलंच लिहिलंय कोणीतरी."

आमचंही टू-व्हीलरचंच. शेजारच्या गाळ्यात स्पेअर पार्टचं काउंटर आहे, ते मी पाहते. मिस्त्री माणूस काम चालू असताना नोंद करूच शकत नाही, हे मी पहिल्या वर्षातच समजून घेतलं आणि त्यांना सांगणं सोडलं. आम्ही एक पत्र्याचा डबा ठेवलाय. पार्ट फोडला की रिकामं पाकीट डब्यात टाकायचं. बस. फेकायचं नाही, एवढी एकच शिस्त. त्या पाकिटावर स्केच पेननं गाडी नंबराचे शेवटचे चार आकडे लिहायचे. पोरांना तेवढं जमतं, कारण पाकीट तसंही हातात असतंच.

संध्याकाळी सात वाजता मी डबा ओतते. पाकिटावर पार्ट नंबर असतो, एमआरपी असते, कोणत्या गाडीचं ते छापलेलं असतं. चेन किट की चेन सेट हा प्रश्नच येत नाही, मी पाकिटावरचा नंबर टाकते. वीस-पंचवीस मिनिटांत दिवस बसतो. ऑइलचे ९०० मिलीचे डबे रिकामे मोजले की ऑइल झालं. सुटं काही लागलं, म्हणजे वॉशर, फ्यूज, क्लिपा, ते मोजतच नाही. महिन्याचा एक आकडा खर्चात धरून टाकते.

बोलून लिहायची सोय मोबाईलच्या कीबोर्डवर मराठीत आहे, ती वापरा. मी "अंदाजे दोन हजार तीनशे, मंगळवारी देतो म्हणाले" असं बोलते, ते टाईप होतं. थोडं चुकतं. "पिस्टन"चं एकदा "पिस्ता" झालं होतं.

जाता जाता: हे संध्याकाळचं काम बायका करतात आणि ते कोणत्याच ग्यारेजच्या खर्चात दिसत नाही. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये मी स्वतःची मजुरी टाकली आहे, महिन्याला ३,०००. ते पाहून आमचे हे आठ दिवस गप्प होते.

नोझल (हिंगणघाट) | ९ फेब्रुवारी, रात्री ८:५०

पोरा, तुह्या धागा वाचला. म्या ट्रॅक्टरचे डिझेल पंप खोलतो, ३५ वर्षं झाले. सॉफ्टवेअर माह्याजवळ नाई, घेणार बी नाई. पण तुह्या तीन डब्यांचं वाचून जीव हळहळला.

आमच्या पंपात प्लंजर अन् बॅरल जोडीनं येते. कारखान्यात एकमेकांत घासून बसवलेली असते. या पंपाचा प्लंजर त्या पंपात टाकला तं दाब धरत नाई, ट्रॅक्टर धूर फेकते अन् कास्तकार शिव्या. म्हणून आमच्या उस्तादनं शिकवलं, पंप खोलाच्या आधी बिल्ला. पितळेचे गोल बिल्ले, १ ते २०, ठोकून नंबर पाडलेले. प्रत्येक नंबराचे तीन. एक पंपाच्या बॉडीले तारेनं बांधाचा, एक डब्याले, एक कास्तकाराच्या हाती. घ्याले आला का बिल्ला दाखवते. म्या नसलो तरी माहा पोरगा त्याच बिल्ल्याचा पंप देते.

तुले साडेसात हजारात जे पायजे होतं ते पितळेच्या दुकानात भेटते बापा. वही, मोबाईल, सॉफ्टवेअर, काय लिवाचं ते लिव. पण आंधी डब्याले नंबर दे.

काळा_धूर | ९ फेब्रुवारी, रात्री ९:०२

@नोझल काका, हे मी उद्याच करतोय. किल्ल्यांसाठी. परवाच एक गिऱ्हाईक दुसऱ्याची किल्ली घेऊन अमरावतीला पोचलं होतं.

खतावणी (अकोला) | १० फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मी करसल्लागार. ग्यारेजवाले माझ्याकडे मार्चमध्ये पिशवी घेऊन येतात, म्हणून हा धागा मन लावून वाचला.

@चौदापंधरा, दोन प्रश्न. पार्ट आणि मजुरी धरून वर्षाची उलाढाल किती? जीएसटी नोंदणी आहे का?

चौदापंधरा | १० फेब्रुवारी, दुपारी १:१०

सगळं धरून तेरा-चौदा लाख. नोंदणी नाही.

खतावणी | १० फेब्रुवारी, दुपारी १:४५

मग तुमच्या सॉफ्टवेअरचं एक छापील बिल काढा आणि वर काय लिहिलंय ते सांगा.

चौदापंधरा | १० फेब्रुवारी, दुपारी २:०३

"टॅक्स इन्व्हॉइस." खाली मजुरीवर १८ टक्के वेगळे दाखवलेत. आईशप्पथ, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी आपला खालचा एकूण आकडा वाचून पैसे घेत होतो.

खतावणी | १० फेब्रुवारी, दुपारी २:३०

हीच भीती होती. नुसता माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे, पण मजुरी आली की आपल्या राज्यात ती २० लाख. तुम्ही खालीच आहात, नोंदणी लागत नाही. पण ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी म्हणून एक रुपयाही घेता येत नाही, आणि घेतलाच तर तो सरकारात भरावा लागतो. आज पहिलं काम: सेटिंगमध्ये कर बंद करा, बिलावरचं शीर्षक बदला, आणि अशी किती बिलं गेली ती यादी काढून एखाद्या सल्लागाराला दाखवा. लपवू नका, आकडा लहान आहे.

इतर ग्यारेजवाल्यांसाठी. २० लाखांच्या वर गेलात तर ५० लाखांपर्यंत कंपोझिशनचा, म्हणजे ठोक कराचा, मार्ग आहे, उलाढालीवर ६ टक्के. ते पैसे तुमच्या खिशातून, बिलावर कर लावायचा नाही. आणि ज्यांची नेहमीची नोंदणी आहे त्यांनी सॉफ्टवेअरमधली वस्तूंची यादी उघडून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचे २८ टक्के जाऊन १८ झाले. ज्या कंपनीनं दर आपोआप बदलले ते सुटले. ज्यांनी पार्ट हातानं टाकले होते त्यांच्याकडे अजून २८ बसलेले मी स्वतः पाहिलेत. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि यादीतले काही भाग ५ वर आलेत, साधं बेअरिंग मात्र १८ च. एकाच फळीवर दोन दर, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्यांनी जास्त डोळे उघडे ठेवा.

नोझल | १० फेब्रुवारी, रात्री ९:१५

म्हणून म्या म्हणतो, कच्ची चिठ्ठी बरी.

खतावणी | १० फेब्रुवारी, रात्री ९:२०

काका, कच्च्या चिठ्ठीवर बँक कर्ज देत नाही. मागच्या वर्षी पंप तपासायच्या कॅलिब्रेशन बेंचसाठी मुद्रा कर्ज पाहिजे म्हणून कोण फिरत होतं?

नोझल | १० फेब्रुवारी, रात्री ९:३१

ते जाऊ दे.

पऱ्हाटी (मंगरूळपीर) | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

मी मिस्त्री नाही, गिऱ्हाईक आहे. सहा एकर, एक जुनी शाईन मोटरसायकल. आमच्या बाजूनं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्या मिस्त्रीनंही असलंच काहीतरी आणलंय. मला "तुमच्या गाडीचे २,५०० किलोमीटर पूर्ण झाले, सर्व्हिसिंग करा" असा मॅसेज येतो. माझ्या गाडीचं मीटर चार वर्षांपासून बंद आहे. केबल तुटली ती तुटली. मग हे २,५०० मोजले कोणी? त्यानं अंदाजानं काहीतरी आकडा टाकला असणार, कारण रकाना रिकामा ठेवला तर पुढे जाता येत नाही. खेड्यातल्या निम्म्या गाड्यांचं मीटर बंद असतं. त्यापेक्षा तारीख धरा. पेरणीच्या आधी एकदा, सोयाबीन निघाल्यावर एकदा. त्या दोन वेळा गाडी बंद पडली तर आमचं नुकसान होतं, बाकी वर्षभर ढकलत नेऊ.

दुसरं. त्याच्या काउंटरवर मोठा स्क्रीन आहे. मी गेलो की पोट्टा नंबर टाकतो अन् माझी बाकी लाल अक्षरात येते. मागे चार माणसं उभी असतात. वही बरी होती, वही मिटता येत होती.

चौदापंधरा | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३५

@पऱ्हाटी भाऊ, तुम्ही हे लिहिलं म्हणून आता पोळ्याचं सांगतो.

बाबांचे एक जुने गिऱ्हाईक. चार एकर कोरडवाहू, वीस वर्षांपासून आमच्याकडेच. जूनमध्ये ऐन पेरणीच्या तोंडावर त्यांच्या गाडीचं बोअर-पिस्टन केलं, २,८५० बाकी राहिली. बोलणं काही झालं नाही, कारण बोलायचं नसतंच. सोयाबीन विकलं की ते येतात, पैसे ठेवतात, चहा पितात. वीस वर्षांत बाबांनी त्यांना एकदाही मागितले नव्हते.

मी सॉफ्टवेअरमध्ये ती बाकी टाकली. मुदतीच्या रकान्यात ६० दिवस आपोआप आले होते, मी बदलले नाहीत. मला वाटलं असू दे.

पोळ्याच्या दिवशी दुपारी चारला त्यांना मॅसेज गेला. इंग्रजीत. ते तेव्हा बैल सजवून तोरणाखाली उभे होते, अख्खं गाव तिथं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. बँकेचं काही असेल, पीकविम्याचं असेल म्हणून त्यांनी शेजारच्या कॉलेजातल्या पोरीला वाचायला दिला. तिनं बिचारीनं मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं: तुमच्याकडे आमचे २,८५० थकले आहेत, साठ दिवस उलटले, ताबडतोब भरा.

दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी ते आले. पैसे साळ्याकडून आणले होते, हे मला नंतर कळलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबा तेव्हा नुकते खुर्चीवर बसायला लागले होते. त्यांच्यासमोर नोटा ठेवल्या अन् म्हणाले, "तुह्या पोरानं पोळ्याले मांगतले." गेले. गाडी आता दुसरीकडे दाखवतात.

बाबांना तेव्हा बोलायला वेळ लागायचा. पाच-दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोज." मी मोजले. पन्नास जास्त होते.

मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आलो. दोन्ही वेळा वावरात गेलेत असं सांगितलं.

पाकीटवाली | ११ फेब्रुवारी, रात्री १०:५८

दादा, वाचून कसंतरी झालं. ते पन्नास परत केलेत का?

चौदापंधरा | ११ फेब्रुवारी, रात्री ११:०१

ताई, वेगळ्या पाकिटात ठेवलेत. घेतील तेव्हा देईन.

मूळचा_चांदूरचा (सध्या पुणे) | १२ फेब्रुवारी, रात्री १२:२०

मी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे, त्यामुळे आधी आमच्या बाजूची चूक कबूल करतो. मुदत ३०-६०-९० दिवसांची ठेवायची सवय आम्हाला शहरातल्या घाऊक व्यापारातून लागली. तिथं महिना संपला की पगार होतो, हप्ता कटतो. तुमच्याकडे पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो हे कोणी आम्हाला विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता करता येण्यासारखं. आपोआप जाणारे मॅसेज आज बंद करा, सगळे. "देय तारीख" नावाचा रकाना जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतो, तिथे दिवस न टाकता सरळ तारीख टाका. सोयाबीनवाला असेल तर दिवाळीनंतरची, कापूसवाला असेल तर संक्रांतीनंतरची, चना असेल तर मार्च अखेर, मास्तर-तलाठी असतील तर पुढच्या महिन्याची ५ तारीख. मग लाल रंग ज्याला लागायला हवा त्यालाच लागेल.

साडेसात हजार पुन्हा भरायच्या आधी एक चाचणी घ्या. कंपनीला फोन करून सांगा, माझा सगळा डेटा मला एक्सेलमध्ये द्या. लगेच दिला तर विचार करा. "पीडीएफ मिळेल" म्हणाले तर समजा तुमची वही त्यांच्या कपाटात आहे. पैसे भरले नाहीत तर लॉगिन बंद होतं की नुसतं नवीन बिल बंद होतं, हेही विचारा. आणि नेट नसताना नोंद होते का, हे डेमोत त्यांच्यासमोर मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून पाहा. तोंडी उत्तर घेऊ नका.

कोणी तुम्हाला ईआरपीनेक्स्ट नावाचं सॉफ्टवेअर सुचवेल. आपल्याच मुंबईच्या लोकांनी केलेलं, मुक्त स्रोत, चांगलं आहे. पण ते चालवायला सर्व्हर अन् सांभाळणारा माणूस लागतो. चार जणांच्या ग्यारेजला ते म्हणजे कोंबडीला बैलाची झूल. तुमच्या मापाला गुगल शीटसुद्धा पुरेल, मोबाईलवर आधी ऑफलाइन ठेवता येते, नेट आलं की जुळते.

हवापंप | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:००

कोंबडीला झूल. हे मी चोरलं.

काळा_धूर | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

@मूळचा_चांदूरचा, एक भर. फोनपे-गुगलपेचे पैसे जुळवायचं काहीतरी सांगा. बॉक्स ओरडतो "तीनशे पन्नास रुपये प्राप्त", नाव येतं भलत्याचंच. बाप येतो, पैसे पोरगा पुण्याहून टाकतो. रात्री दोन-तीन रकमा कोणाच्या ते कळतच नाही.

मूळचा_चांदूरचा | १२ फेब्रुवारी, दुपारी १:१५

यावर इथं बसून माझ्याकडे उपाय नाही. पैसे टाकताना शेऱ्यात गाडीचे चार आकडे लिहायला सांगा. दहातले चार लिहितील.

चौदापंधरा | २२ मार्च, रात्री ९:४५

सव्वा महिन्यानं लिहितो आहे. चना काढणीमुळे गर्दी होती, शिवाय पाडवा. पाडव्याला सालगड्यांचा हिशोब होतो, त्यांची जुनी बाकी त्याच आठवड्यात येते.

कंपनीला फोन केला. डेटा पीडीएफमध्ये मिळेल म्हणाले. एक्सेल पाहिजे तर वरच्या दराचा प्लॅन घ्या. मूळच्या चांदूरच्या भाऊंनी जसं सांगितलं होतं, तंतोतंत. तर पाच रात्री बसून मी पीडीएफमधून उधारीची यादी हातानं शीटमध्ये उतरवली. बाबा शेजारी बसले. डावा हात चालतो, त्या हातानं खूण करतात. "लाल पॅशन ४५०" कोण, "आमराईवाले" कोण, एकेक करून नाव, गाडी नंबर अन् पीक लिहिलं. वहीत १,४०,००० होते. बाबांच्या डोक्यातून आणखी ४६,००० निघाले. काही नावांवर ते "जाऊ दे" म्हणाले, ते मी लिहिलं नाही.

शीटमध्ये एक रकाना आहे, "पीक". त्यावरून तारीख येते. मॅसेज कोणालाच जात नाही. ज्याची तारीख उलटली त्याचं नाव सकाळी मला दिसतं, मग बाजारात भेट झाली तर रामराम करतो, एवढंच. त्या भेटीत अर्धे लोक स्वतःच विषय काढतात. स्क्रीन काउंटरवर नाही, गल्ल्याच्या मागे माझ्याकडे तोंड करून आहे, पऱ्हाटीभाऊंसाठी.

बिल्ले केले. पितळेचे महाग पडत होते, लेथवाल्यानं पत्र्याचे कापून दिले, पंचनं नंबर मारले, १ ते १५, प्रत्येकी तीन. पोट्ट्यांना हे इतकं आवडलं की एकानं चहाच्या ग्लासलाही बिल्ला लावलाय. तेव्हापासून एकही डबा चुकला नाही. रिकाम्या पाकिटांचा डबाही चालू आहे, फक्त आमच्याकडे गिऱ्हाईक निम्मे पार्ट समोरून स्वतःच आणतात, त्यांची पाकिटं वेगळ्या पिशवीत टाकतो. पाकीटवालीताई, डबा संध्याकाळी माझी बायको ओतते. तिची मजुरी शीटमध्ये टाकली आहे. २,५००. तिनं विचारलं कारंजात किती देतात.

३०० ची रेघ मारली होती, ती २०० वर आणावी लागली. खालच्या कामाची वही जाड झाली होती.

बिलावरचा कर बंद केला. ६३ बिलं निघाली, यादी यवतमाळच्या सल्लागाराकडे आहे. खतावणी साहेब, तुमचं ऐकून लपवलं नाही. काय होते ते सांगीन.

सॉफ्टवेअर जूनला सोडतोय. बिल छापायला एक साधं अॅप घेतलंय, त्यात माझी नावं माझी मीच टाकली, मोजून ६२ पार्ट. त्या ६२ मध्ये आमचं नव्वद टक्के काम बसतं, बाकी "इतर".

पाकीटवाली | २२ मार्च, रात्री १०:०२

त्यांना सांगा, कारंजात ३,००० देतात आणि दिवाळीला वाढवतात.

काळा_धूर | २२ मार्च, रात्री १०:०८

शीट टाक ना इथं, नावं काढून. माझ्या धाकट्या भावाचं टू-व्हीलरचं आहे, त्याला देतो.

नोझल | २२ मार्च, रात्री १०:२०

ते पोळ्याचे कास्तकार आले का रे वापस?

चौदापंधरा | २२ मार्च, रात्री १०:४१

@काळा_धूर भाऊ, रविवारी टाकतो. नावं काढायला वेळ लागेल.

@नोझल काका, ते नाही आले. त्यांचा पोरगा आला होता परवा, त्याच गाडीवर. क्लच घसरतो म्हणाला. बिल्ला नंबर ७ दिलाय. उद्या सकाळी खोलतो.